फोल्डर चुकलंय, बदलून आणा

डोळ्यांत थेंब घातलेले असताना कुणाशी भांडू नये. समोरचा धड दिसत नाही, आणि न दिसणाऱ्या माणसाशी भांडताना आपण नको तेवढं बोलून जातो. पण हे शहाणपण तिला मागाहून सुचलं.

त्या सकाळी ती डोळ्यांच्या दवाखान्यात बाकावर बसली होती. "वीस मिनिटं डोळे मिटून शांत बसा," असं नर्सने बजावलं होतं. आता शांत बसणं आणि ही, यांचं जन्मात कधी जमलेलं नाही! पाच मिनिटांत तिने तीनदा डोळे उघडले, दोनदा पर्स उचकली, एकदा चपलेचा पट्टा काढून पुन्हा लावला. समोरचं सगळं धुरकट. भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता म्हणजे नुसते काळे ठिपके. तेवढ्यात शेजारी कुणीतरी येऊन बसलं. मोठ्या चौकड्यांचा निळा शर्ट, एवढंच तिला कळलं. त्याच्या पलीकडे एक वयस्कर गृहस्थ टेकले.

"काय रे, पुन्हा परत पाठवलं?" गृहस्थांनी विचारलं.

"तिसऱ्यांदा, बाबा."

"कारण?"

"तेच! फोल्डर चुकलंय, बदलून आणा. तिथे एक बाई बसते तपासायला. चाळणी म्हणतात म्हणे तिला सगळे. चाळणी कसली, धोंडा आहे धोंडा!"

तिने खाडकन डोळे उघडले. दिसलं काहीच नाही, पण हा आवाज... हा आवाज तिने गेल्या महिन्याभरात निदान पन्नास वेळा ऐकला होता.

झालं होतं असं, की चाळणी म्हणजे हीच. तिच्या ऑफिसात लिनक्स या फुकट मिळणाऱ्या कॉम्प्युटर-प्रणालीची एक आवृत्ती तयार व्हायची, शाळा-वाचनालयांतल्या कॉम्प्युटरसाठी. ठिकठिकाणचे प्रोग्रामर आपापला प्रोग्राम पॅकेज करून पाठवायचे, आणि तो ठेवून घ्यायचा की परत धाडायचा, हे ती ठरवायची. पाच वर्षांत तिच्या हातून एक खडा निसटला नव्हता. त्यात महिन्याभरापूर्वी 'बोलका' नावाचा एक प्रोग्राम आला. ज्यांची नजर अधू आहे त्यांना पुस्तक मोठ्याने वाचून दाखवणारा. आवाज प्रोग्रामरने स्वतःचाच दिलेला — जरासा खरबरीत, वाक्याच्या शेवटी हळूच खाली येणारा. तीन वेळा पॅकेज परत करताना दर वेळी तिने तो पुन्हा पुन्हा चालवून पाहिला होता. तपासण्यासाठी एकदा पुरलं असतं. पण ते जाऊ द्या.

"बाई म्हणते तेही ऐकून घ्यावं कधी," ती शेजारच्या चौकड्यांना म्हणाली.

"तुम्हाला यातलं कळतं?" चौकड्या वळल्या.

"थोडंफार. काय चुकलंय म्हणतात त्या?"

"माझ्या प्रोग्रामला लागणारी दहा-बारा छोटी मदतनीस स्क्रिप्टं आहेत. शब्द तोडणारं एक, विराम ओळखणारं एक... ती मी सगळ्यांच्या सामायिक फोल्डरात ठेवली. उद्या दुसऱ्या कुणाला लागली तर वापरता येतील! वाईट आहे का विचार?"

"विचार सोन्यासारखा आहे. पण तुमच्या त्या शब्द तोडणाऱ्या स्क्रिप्टचं नाव काय ठेवलंत? 'शब्द'! आणि शुद्धलेखन तपासणाऱ्या प्रोग्रामची 'शब्द' नावाचीच फाइल तिथे आधीपासून आहे. तुमची येऊन बसली तिच्या डोक्यावर. शुद्धलेखन तपासता तपासता तो बिचारा मोठमोठ्याने बोलायला लागला! जी स्क्रिप्टं फक्त तुमच्या प्रोग्रामला लागतात, ती तुमच्या प्रोग्रामच्या नावाच्या फोल्डरात ठेवा. 'शेअर' नावाच्या त्या सामायिक फोल्डराच्या आत 'बोलका' म्हणून करा एक. स्वयंपाकघरातली भांडी चौकात मांडू नयेत."

चौकड्या जरा जवळ सरकल्या.

"स्वयंपाकघरातली भांडी..." तो सावकाश म्हणाला. "हे वाक्य तर त्या बाईच्या नकाराच्या पत्रात होतं. आणि प्रोग्रामचं नाव मी अजून सांगितलंच नव्हतं..."

तिने जीभ चावली.

"धोंडा," ती हात पुढे करत म्हणाली. "भेटून आनंद झाला."

पलीकडचे बाबा इतके हसले, इतके हसले, की नर्स दार उघडून ओरडली. आणि तो? तो हात धरून तसाच बसला होता. अंमळ जास्तच वेळ. चेहरा मात्र तिला दिसेना! तिला थेंबांचा असा राग आला म्हणता.

चेहरा दिसला आठवड्याने. तो स्वतः ऑफिसात हजर. चौकड्यांचाच शर्ट, या वेळी हिरव्या.

"एक शंका होती," तो दारातूनच म्हणाला.

"शंका मेलने विचारता येतात."

"मेलमध्ये धोंड्याचा चेहरा दिसत नाही."

तिने कॉम्प्युटरमध्ये डोकं घातलं. कानाच्या पाळ्या तापल्या होत्या, त्या झाकायला केस पुढे घेतले. "विचारा."

"लिब की शेअर? ही स्क्रिप्टं 'लिब' फोल्डराखाली ठेवायची की 'शेअर'खाली?"

"यंत्रानुसार बदलणारी असली तर लिब. कुठल्याही यंत्रावर जशीच्या तशी चालणारी असली तर शेअर. तुमची जशीच्या तशी चालतात."

"आणि समोरच्या माणसानुसार बदलणारं काही असलं... तर?"

"म्हणजे?"

"म्हणजे बघा, एरवी मी बरा बोलतो. इथे आलो की ततपप होतं."

"त्याला फोल्डर नाही," ती म्हणाली. "त्यावर पाणी पितात." आणि आपल्या बाटलीतलं पाणी तिने त्याच्यापुढे केलं.

मग काय विचारता! शंकांना ऊत आला. सोमवारी एक शंका, गुरुवारी एक. कधी नावाबद्दल, कधी परवान्याच्या फाइलीबद्दल. एकदा तर पठ्ठ्या स्वल्पविरामाबद्दल विचारायला दोन बस बदलून आला. ऑफिसच्या जिन्यावर, खिडकीशी, पुस्तिकांच्या कपाटाशी ती दोघं उभी असायची. खिडकीची एक झडप सैल होती. वारा आला की ती आपटायची, तो बोलता बोलता हात लांबवून ती धरून ठेवायचा, आणि तो हात तिच्या खांद्यापासून बोटभर अंतरावर असायचा. बोटभर! तेवढ्या अंतराने तिचा दिवस नासायचा. कामात लक्ष लागेना. चहा गार व्हायचा, मग ती तो गरम करायची, मग तो पुन्हा गार व्हायचा.

तिच्या ताईच्या नजरेतून हे सुटणार होतं थोडंच! दोघी बहिणी एकाच घरात राहायच्या, आणि ताई म्हणजे शाळेत शिकवणारी, कुणाच्या दप्तरात काय आहे हे वासावरून ओळखणारी बाई.

"काय ग, स्वारी सारखी आरशापुढे?" ताईने एका सकाळी धरलंच.

"कुठे काय!"

"तो बोलका काय म्हणतो?"

"ताई, बोलका प्रोग्रामचं नाव आहे."

"हो, आणि तू लाजतेस ती प्रोग्रामला." ताई हसली. मग जरा थांबली. "एक विचारू? रागावू नकोस. त्याचं काम तुझ्या सहीवर अडलंय ना? मग तो येतो तो तुझ्यासाठी... की सहीसाठी?"

ताईने सहज विचारलं आणि डबा घेऊन शाळेत गेली. इकडे हिच्या हातातला कंगवा तसाच राहिला. खरंच की! ज्याचं काम अडतं तो माणूस गोडच बोलतो. पाच वर्षांत तिच्याशी किती जणांनी पेढ्यासारखं गोड बोलून पाहिलं होतं. हा त्यातलाच नसेल कशावरून? आणि तिने विचारायचं तरी कसं? 'माझ्यावर प्रेम आहे की माझ्या सहीवर?' असं विचारायची सोय कुठल्या नियमपुस्तिकेत आहे? ती बसस्टॉपवर उभी राहिली, बस आली, गेली. हिला पत्ताच नाही.

पॅकेजं घेण्याचा शेवटचा सोमवार आला. त्यानंतर नवीन काही आत येणार नाही, आणि शुक्रवारी आवृत्ती बाहेर पडणार. त्याने चौथ्यांदा पॅकेज दिलं. या वेळी सगळी स्क्रिप्टं 'बोलका'च्या स्वतःच्या फोल्डरात, शहाण्यासारखी. तो समोर खुर्चीत बसला होता, गुडघा हलवत. तिने पॅकेज आपल्या कॉम्प्युटरवर चढवलं, चालवलं. बोलका खणखणीत बोलला. एक ओळ नाही, सबंध पान वाचून दाखवलं. तिने सही केली.

"झालं," ती म्हणाली.

तो उठला. आभार मानायला तोंड उघडलं, मिटलं. "मला... तुमच्याशी एक..." खिडकीची झडप आपटली. या वेळी त्याने ती धरली नाही. "नको. शुक्रवारी बोलतो. आवृत्ती बाहेर पडल्यावर."

आणि गेला.

मंगळवारी शंका नाही. बुधवारी मेल नाही. तिने स्वतःहून एक ओळ लिहिली, खोडली, पुन्हा लिहिली, पुन्हा खोडली. सही मिळाली, माणूस पसार! ताईला सांगायची सोय नव्हती. सांगायची गरजही नव्हती. ताईने गुपचूप तिच्या ताटात जास्तीचं वाढलं, तिने गुपचूप तसंच ठेवलं.

गुरुवारी सकाळी तर जीव अगदी थाऱ्यावर नव्हता. तिच्या टेबलावर शेजारच्या विभागाची माणसं तारा ओढत होती, म्हणून ती बैठकीच्या खोलीत जाऊन बसली. तिथला कॉम्प्युटर कोरा करकरीत, कालच नव्याने लावलेला. काम काहीच नव्हतं. खरं सांगायचं तर तिला फक्त तो आवाज ऐकायचा होता. एकदाच. कुणी बघत नाहीसं पाहून तिने बोलका चढवला आणि सुरू केला.

बोलका बोललाच नाही.

पडद्यावर एकच ओळ उमटली: 'विराम' सापडत नाही.

तिने पुन्हा सुरू केला. तेच. पुन्हा. तेच. आणि मग तिच्या लक्षात आलं, आणि अंगाला दरदरून घाम फुटला. त्याने स्क्रिप्टं नव्या फोल्डरात हलवली होती, पण ती आता कुठे राहायला गेलीत हे मुख्य प्रोग्रामला सांगायचं विसरला होता. प्रोग्राम बिचारा अजून जुन्या सामायिक फोल्डरातच हाका मारत होता. तिच्या कॉम्प्युटरवर चालला, कारण मागच्या तीन खेपांची जुनी स्क्रिप्टं तिथे तशीच पडून होती! तो त्यांच्यावर बोलत होता. कोऱ्या यंत्रावर तपासल्याशिवाय सही करायची नाही, हा धडा नव्या लोकांना तीच शिकवायची. आणि सोमवारी, तो समोर बसून गुडघा हलवत होता तेव्हा, ती स्वतःच विसरली. पाच वर्षांत पहिला खडा, आणि तोही हा!

ऑफिसच्या प्रमुख बाईंना सगळे काकू म्हणायचे. तिने जाऊन सगळं सांगितलं, तेव्हा काकूंनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं.

"नवीन पॅकेज आता घेता येत नाही, माहीत आहे ना तुला?"

"हो, काकू."

"म्हणजे दोनच गोष्टी. तसंच जाऊ द्यायचं आणि प्रत्येक वाचनालयात ते मुकं बसेल. नाहीतर काढायचं, मग पुढची आवृत्ती सहा महिन्यांनी. सही तुझी आहे. बोल."

खोटं कशाला सांगा, क्षणभर तिच्या मनात आलंच. गप्प बसावं. उद्या शुक्रवार. उद्या तो येईल, बोलायचं ते बोलेल. एकदा ऐकून तरी घेऊ, मग बघू. पण मग ते ऐकलेलं खरं कसं मानायचं? आणि डोळ्यांनी अधू माणसं ज्याची वाट बघताहेत तो प्रोग्राम मुका आहे हे माहीत असून... छे!

"काढा," ती म्हणाली. "चूक माझीही आहे, तसं लिहा. मी तपासताना कोरं यंत्र वापरलं नाही."

सही मागे घेतल्याच्या कागदावर तिने सही केली आणि तडक बाहेर पडली. हे मेलने कळवायचं नव्हतं.

तो कुठे असेल हे तिला ठाऊक होतं. बाबा रोज दुपारी ज्या वाचनालयात बसायचे आणि तो त्यांना सोडायला जायचा, तिथे अधू नजरेच्या लोकांसाठी एक कोपरा होता. चार कॉम्प्युटर, लांब टेबल. वाऱ्याने रस्त्यावरची धूळ उडत होती. तिने ओढणी नाकावर धरली, दोनदा रस्ता चुकली. चालता चालता वाक्यं जुळवली. पोचेपर्यंत सगळी विसरली.

तो टेबलाखाली शिरून कसलीशी वायर जोडत होता. तिने दारातून "येऊ का?" विचारलं, आणि बाबांनी तिला आवाजावरून ओळखलं.

"या! बरं झालं आलात. तीन दिवस हा घरात येरझाऱ्या घालतोय, माझी फरशी झिजली."

तो टेबलाखालून बाहेर आला. केसांत जळमट. तिला बघून त्याचा चेहरा असा उजळला, की तिला सगळं सोडून पळून जावंसं वाटलं.

"बसू नका, उभ्याने ऐका," ती म्हणाली. "बोलका या आवृत्तीत येत नाहीये. मी सही मागे घेतली. घेणार आहे असं नाही, घेतली. कोऱ्या यंत्रावर तो मुका आहे. स्क्रिप्टं हलवलीत, पण प्रोग्रामला त्यांचा नवा पत्ता दिला नाहीत. आणि मीही जुन्याच सामानावर तपासला. माझी चूक आहे. पाच वर्षांतली पहिली. सॉरी."

एका दमात बोलली. दम संपला.

त्याने हाताची धूळ पँटला पुसली. कोपऱ्यात एक आजी भिंग धरून वर्तमानपत्राचा मथळा लावत होत्या, तेवढाच कागदाचा आवाज.

"सहा महिने?" शेवटी त्याने विचारलं.

"सहा महिने."

"मी या सगळ्यांना शनिवारचा शब्द दिला होता..." तो खिडकीपर्यंत गेला. परत आला. पुन्हा गेला. तिला वाटलं, संपलं. आता हा म्हणेल 'बरं, कळलं', आणि चौकड्या दिसायच्या त्या शेवटच्या. डोळे भरून आले तिचे; पुन्हा सगळं धुरकट.

"किती ओळींची चूक आहे?" त्याने विचारलं.

"दोन."

"दोन ओळी! या चार कॉम्प्युटरवर मी हाताने घालीन आत्ताच. यांचं काम अडणार नाही. बाकीच्यांना..." तो थांबला. "बाकीच्यांना मुका बोलका देण्यापेक्षा सहा महिन्यांनी बोलणारा दिलेला बरा. बरोबर केलंत तुम्ही."

"रागावला नाहीत?"

"रागावलोय. स्वतःवर." मग तो एकदम तिच्यासमोर येऊन उभा राहिला. "एक शंका होती."

"विचारा."

"सही परत घेतली म्हणजे... आता माझं तुमच्याकडे काहीच अडलेलं नाही?"

"काही नाही."

"तुम्ही मला काही देऊ शकत नाही, अडवूही शकत नाही?"

"नाही म्हणाले ना!" ती रडवेली झाली. "किती वेळा वदवून घ्याल?"

"मग शुक्रवारपर्यंत कशाला थांबू?" त्याचा आवाज वाक्याच्या शेवटी हळूच खाली आला. "सहीच्या आधी बोललो असतो, तर तुम्हाला वाटलं असतं, सहीसाठी बोलतोय. सही झाल्या झाल्या बोललो असतो, तर वाटलं असतं, आभार मानतोय. म्हणून म्हटलं आवृत्ती बाहेर पडू दे, तोवर तोंडच दाखवायचं नाही. तीन दिवस... तीन दिवस काय काढलेत मी... बाबांना विचार." तो अडखळला. "मला तू आवडतेस. फार. दवाखान्यात तू धोंडा म्हणून हात पुढे केलास ना, तेव्हापासून माझं कशात म्हणून लक्ष नाही. त्या दोन ओळीसुद्धा मी त्यापायीच विसरलो असणार."

'तू' म्हणाला. तिने नीट ऐकलं होतं. तिला हसू आलं, रडू आलं, दोन्ही एकदमच आलं. ओढणीने डोळे पुसले. या वेळी त्याचा चेहरा अगदी स्वच्छ दिसत होता, जळमटासकट. हात पुढे करून तिने ते जळमट काढलं.

"सहा महिन्यांनी पॅकेज पाठवशील तेव्हा," ती म्हणाली, "कोऱ्या यंत्रावर तपासून पाठव. कारण मी ते तपासणार नाहीये."

त्याचा चेहरा पडला. "का? एका चुकीसाठी?"

"चुकीसाठी नाही रे. नियमच आहे तसा. घरच्या माणसाचं पॅकेज आपण तपासायचं नसतं."

तो भुवया आकसून उभा राहिला. हा नियम पुस्तिकेत कितव्या पानावर होता, ते आठवत असावा.

"अरे गाढवा," मागून बाबा ओरडले, "होकार आहे तो!"